सावलीला गुणाकार

लॅपटॉप दोन विटांवर ठेवलाय, खालून हवा जावी म्हणून.
समोर टेबल फॅन. त्याची मान चिंधीने बांधलीय:
माझ्याकडे वळायचं नाही, त्याच्याकडेच बघ.
बेटावदात मे महिन्यात रात्री अकरालाही
भिंतीला पाठ टेकवत नाही.

थेट व्हिडिओ काढायचा नाही
हे मी तीन वेळा पोळून शिकले.
लाईट गेली की अख्खी फाइल मेलेली सापडते.
म्हणून एकेक फ्रेम, सुटं चित्र, नंबर घालून.
दोन मिनिटं दहा सेकंद, चोवीसच्या हिशेबाने
तीन हजार एकशे वीस.
अकराशे सदतीस झाल्या आणि अंधार पडला
तर अडतीसपासून पुढे. गेलं काहीच नाही.

आणि प्रत्येक थर वेगळ्या फोल्डरात.
आभाळ. पांझरेकाठच्या बाभळी. खांब. तारा.
माणूस. त्याची सावली.
धूळ सगळ्यात शेवटी, कारण ती सगळ्यांवर बसते.
"आखो कितला ऱ्हायनात व?" आई दारातून विचारते.
मी आकडा सांगते.
"जेवी ले मंग," म्हणते, आणि ताट झाकून झोपायला जाते.

थर रचताना सावलीला गुणाकार लावायचा:
पांढरं नाहीसं होतं, काळं तेवढं खाली उतरतं.
उजेडाला बेरीज.
उजेड मिळवायचा, हे ऐकून सुपडूकाका हसला असता.
तीस वर्षं तो तेच करत होता, गावठाण फीडरवर,
कमरेला पट्टा, खिशात पक्कड, दातांत झंपरची तार.
खाली गल्लीतली पोरं ओरडायची, आली, आली!
तो न बघताच एक हात हलवायचा,
माशी हाकलावी तसा.

एका संध्याकाळी फोनवर कुणीतरी त्याला सांगितलं,
लाइन बंद आहे.
बंद नव्हती.

पहाटे तीनला सगळे थर एकावर एक ठेवून चालवले
तर खांबावर कुणी नव्हतं.
माणसाच्या थराशेजारचा डोळा मिटलेला.
मीच मिटला असणार, तारा रंगवताना, मध्ये येतो म्हणून.
पट्टा तेवढा खांबाच्या फोल्डरात काढला होता,
का, ते आठवत नाही.
तो ताणलेला, रिकामा,
वीतभर, वीतभर वर सरकत होता.
आणि रेशन दुकानाच्या भिंतीवर सावली
पक्कड काढत होती, कपाळ पुसत होती,
अंगाशिवाय.

मी डोळा उघडला. मिटला. उघडला.
मग मिटलेलाच ठेवून एक्स्पोर्ट दाबलं.

महोत्सवाची फाइल चार जीबी.
ती स्टेशनच्या पुलावर उभी राहून पाठवली, तिथेच रेंज पुरते,
सुरतेकडची मालगाडी खालून जाईपर्यंत
सहा टक्के.
दुसरी बारकी, व्हॉट्सॲपवर मावेल अशी,
सोजाकाकूसाठी.
तिने ती पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसून पाहिली,
दळण पुढे सरकवायचं विसरून, दोनदा.
तो कुठे आहे, असं विचारलं नाही.
"हाऊ पट्टा त्यासनाच से ना?"
हो म्हटलं.
बक्कल उलटं लावायचे, ती म्हणाली,
आणि मोबाइल परत देताना
पिठाचं बोट लागलेली काच पदराने पुसली.

मी सुलट काढलं होतं.
म्हणजे खांबाचा थर पुन्हा. आठशे साठ फ्रेम.
फॅनची चिंधी सुटली होती, ती आधी बांधली.

माणसाचा थरही काढला, पूर्ण,
तीन हजार एकशे वीस.
कशावरच रचला नाही.
वेगळ्या फोल्डरात आहे, कधी लावून बघते:
मागे नुसत्या करड्या-पांढऱ्या चौकटी,
पारदर्शकाच्या,
आणि सुपडूकाका वर चढतोय, सावकाश, पाय चाचपत.
खांब नाही.
दातांत झंपर आहे, पण जोडायला
तिथे एकही तार नाही.